बेथलेहेमची कोरवंजी

नाताळच्या सुमारास आणि प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामांतून व शाळांच्या सभागृहांतून 'शास्त्रीय शैलीतील' नृत्यनाट्ये सादर होणे आता नित्याचे झाले आहे. पायांत घुंगरू, अंगावर भरतनाट्यम्‌चा वेष, पाठीमागे मृदंगाची ध्वनिफीत आणि कथा मात्र गव्हाणीची किंवा क्रुसाच्या वाटेची. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर या दिशेने जी दारे उघडली, त्यांचे आम्ही स्वागतच करीत आलो आहोत. उपासनेत नृत्य असावे की नसावे, हा वाद वेगळा. तो येथे नको. येथे आम्ही फक्त रंगमंचाविषयी बोलत आहोत, आणि रंगमंचाची म्हणून जी कसोटी आहे तीच लावीत आहोत.

त्या कसोटीवर यांतील बहुतेक प्रयोग उतरत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुद्रा शुद्ध असतात, ताल सांभाळलेला असतो, वेषभूषेवर खर्चही बरा झालेला असतो. तरीही सभागृहाबाहेर पडताना मनात काही उरत नाही. गॅब्रिएल दूत येतो, मरिया दचकते, गव्हाण येते, मेंढपाळ येतात, हेरोद डोळे वटारतो, आणि पाहता पाहता आपण कालवारीवर पोहोचतो. तेहतीस वर्षे पन्नास मिनिटांत. प्रेक्षकाला कथा आधीच पाठ. नर्तक ती हातांनी पुन्हा सांगतो. बहिऱ्यांसाठी केलेल्या अनुवादासारखा हा प्रकार होतो, आणि ज्याला ऐकू येते त्याला त्याचा कंटाळा येतो.

दोष नर्तकांचा नाही. दोष विषयाच्या निवडीत आहे, आणि त्याही आधी 'विषय' म्हणजे काय या समजुतीत आहे. आपण घटनेला विषय समजतो. भारतीय शास्त्रीय नृत्यनाट्य घटनेसाठी जन्मलेलेच नाही. त्याचा खरा विषय आहे वाट पाहणे.

भरतनाट्यम्‌मधील वर्णम् ही रचना पाहावी. प्रयोगातील हा सर्वांत मोठा भाग. पाऊण तासही चालतो. साहित्य पाहू गेल्यास चार-सहा ओळी. नायिका सखीला सांगते, त्याला घेऊन ये. एवढेच. गायक ती ओळ पुनःपुन्हा गातो आणि नर्तकी प्रत्येक वेळी तिच्यातून नवा अर्थ काढते: कधी आठवण, कधी रुसवा, कधी शंका, कधी लाज. याला संचारी म्हणतात. काहीही 'घडत' नाही. जो यावयाचा तो बहुधा येतही नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ज्या अष्टनायिका सांगितल्या, त्यांतील बहुतेकींची ओळख त्या कशाची व कशी वाट पाहतात यावरूनच ठरते. नटूनसजून, दिवा लावून बसलेली ती वासकसज्जा. वेळ टळून गेल्याने कासावीस झालेली ती विरहोत्कंठिता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहत बसतात, तेव्हा कोणाही भरतनाट्यम्‌च्या गुरूला त्यांचे शास्त्रीय नाव विचारावे. ते तो क्षणात सांगेल.

सेमिनरीत शिकलेल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. संत बर्नार्ड यांनी 'गीतरत्ना'वर प्रवचने आरंभिली ती ११३५ साली, आणि ११५३ मध्ये देह ठेवीपर्यंत शहाऐंशी प्रवचने करूनही ते तिसऱ्या अध्यायाच्या उंबरठ्यापलीकडे गेले नाहीत. एका ओळीवर थांबणे, तिच्यातून फिरणे, पुन्हा तिच्याकडे परतणे. संचारीच की ही.

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. जवळजवळ सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती कवीने हे नेमके ओळखले होते, आणि त्याची हकीकत मराठी माणसाच्या अगदी अंगणातली आहे. ती सांगण्यापूर्वी त्याने जो नाट्यप्रकार हाती घेतला त्याची ओळख करून देणे आवश्यक आहे.

तमिळ प्रदेशात अठराव्या शतकात कुरवंजी नावाचा नृत्यनाट्यप्रकार बहरला. तंजावरच्या मराठी ग्रंथांत त्यालाच कोरवंजी म्हटले आहे. त्याचा साचा ठरलेला. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते. उच्चकुळातील नायिका त्याला पाहते आणि प्रेमात पडते. मग विरह: चंद्राला दूषणे, सखीची मनधरणी. हे चालू असताना डोंगरातून एक कुरत्ती येते. कुरवर या भटक्या जमातीची ही स्त्री. काखेत टोपली, हातात काठी, हात पाहून भविष्य सांगणारी. ती आपल्या डोंगराचे, धबधब्यांचे, कुळाचे वर्णन करते, नायिकेचा हात हाती घेते आणि सांगते: तो येईल. नायिका तिला दागिने देते. यापुढे नाटक अगदी वेगळ्या वळणावर जाते. कुरत्तीचा नवरा सिंगन, पक्षी पकडणारा पारधी, बायकोला शोधीत येतो. ती भेटते, पण तिच्या अंगावरील दागिने पाहून हा चक्रावतो. पायात हे काय, गळ्यात हे काय, कोणी दिले? ती एकेका गावाचे नाव घेऊन ठसक्यात उत्तरे देते, आणि प्रयोग हास्यात व मीलनात संपतो. लक्षात घ्यावे की नायिकेचे मीलन दिसत नाही. दिसते ते भटक्या नवराबायकोचे.

या प्रकारातील सर्वांत गाजलेली रचना म्हणजे त्रिकूट रासप्प कविरायर यांची 'कुट्राल कुरवंजी', कुट्रालम् येथील शिवस्थानाशी निगडित. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासच्या अड्यार भागात स्थापिलेल्या कलाक्षेत्राचे पहिले नृत्यनाट्य म्हणून तीच निवडली आणि १९४४ मध्ये रंगमंचावर आणली. (रुक्मिणीदेवींचे पती जॉर्ज अरुंडेल हे 'लिबरल कॅथॉलिक' पंथाचे बिशप होते. नावावरून आमच्या वाचकांचा गैरसमज होऊ नये. त्या पंथाचा थिऑसफीशी संबंध आहे, रोमशी नाही.) एका नर्तकीच्या कलेला त्यांनी समूहाचे नाट्य केले आणि प्रकाश, वेष व रंगसंगती यांना शिस्त दिली. पुढे कालिदासाच्या आधारे 'कुमारसंभवम्' १९४७ मध्ये आले, आणि १९५५ ते १९७० या पंधरा वर्षांत सहा भागांचे रामायण उभे राहिले. म्हैसूर वासुदेवाचार्यांनी त्याचे संगीत आरंभिले आणि १९६१ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचे नातू राजाराम यांनी ते पूर्ण केले.

या सहा भागांत स्वयंवर आहे, वनगमन आहे, लंका आहे, पट्टाभिषेक आहे. घटनांची कमतरता नाही. पण आम्हांला कोणी विचारील तर आम्ही १९६५ चे 'शबरी मोक्षम्' पुढे करू. एक म्हातारी वनवासी स्त्री रोज वाट झाडते, फळे गोळा करते आणि एका दिवसाची वाट पाहते. संपूर्ण रामायणात याहून लहान घटना क्वचितच असेल, पण नृत्यनाट्याला याहून मोठा विषय मिळणार नाही. मंदिरात वाट पाहत म्हातारे झालेले शिमोन आणि हन्ना यांना लूकने जेमतेम अर्धा अध्याय दिला आहे. आपल्या संस्थांनी त्यांच्यावर नृत्यनाट्य केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हेरोदावर मात्र अनेक आहेत.

रुक्मिणीदेवींनी एक गोष्ट मात्र केली जी आम्हांला खटकते, आणि एका धर्मगुरूने ती बोलून दाखवावी याचे कोणाला नवल वाटेल. देवदासींच्या कलेतील शृंगार त्यांनी सोवळा केला. ज्या स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या देहावर वागविली, त्यांच्या हातून ती सुटत चालली होती आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासीप्रथाच बंद झाली. त्या प्रथेतील शोषणाचा अंत झाला हे योग्यच झाले. परंतु त्या परंपरेतूनच आलेल्या बालसरस्वती यांनी १९७५ साली मद्रासच्या तमिळ इशै संगमच्या परिषदेत अध्यक्षस्थानावरून जे सांगितले ते विसरता येणार नाही. शृंगार हाच या कलेचा सर्वोच्च भाव असून त्याला शुद्ध करून घेण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संपूर्ण प्रयोगाला त्यांनी मंदिराची उपमा दिली: गोपुरातून आत, मंडपातून पुढे, आणि वर्णम्‌पाशी गर्भगृह. आमचा कौल बालसरस्वतींना आहे. 'गीतरत्न' ज्या धर्मग्रंथाचा भाग आहे, त्याच्या वाचकाने शृंगाराला घाबरावे हे चमत्कारिक आहे. आपल्या ख्रिस्ती नृत्यनाट्यांचा निम्मा कोरडेपणा या भीतीतून आलेला आहे. नायिका गेली की वाट पाहणारे कोणी उरत नाही, आणि मग घटनांची रांग लावण्यावाचून गत्यंतर नसते.

आता तंजावर. मराठ्यांचे राज्य तेथे १६७० च्या दशकात व्यंकोजींपासून सुरू झाले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते, आणि आज ज्या क्रमाने भरतनाट्यम्‌चा प्रयोग होतो तो क्रम त्यांच्या नावावर सांगितला जातो. खुद्द सरफोजींच्या नावावर मराठीतून नृत्यप्रबंध आहेत. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून 'तंजावर नृत्य प्रबंध' हा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना रंगमंचावर आणल्या. हा वारसा मराठी वाचकांना अजूनही पुरेसा ठाऊक नाही.

सरफोजींवर एक कोरवंजी तमिळमध्ये लिहिली गेली, 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी'. तिचे कर्ते कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर. त्यात मदनवल्ली नावाची नायिका खुद्द महाराजांच्या प्रेमात पडते, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात देवदासी ती विसाव्या शतकापर्यंत सादर करीत असत. राजस्तुतीचा हा प्रकार. आम्हांला त्यात फारसे स्वारस्य नाही. पण सरफोजींची स्वतःची 'देवेंद्र कोरवंजी' ही मराठी रचना मात्र विलक्षण आहे. तिच्यात कोरवंजी भविष्य सांगावयाचे सोडून भूगोल सांगते. पृथ्वीवरील खंड, देश, नगरे यांची नावे गाण्यांतून येतात. डोंगरातली भटकी बाई आपण फिरलेला मुलूख सांगते, हा जुना संकेत; महाराजांनी तो मुलूख पृथ्वीएवढा केला. नाट्य म्हणून ती पुष्कळदा पाठ्यपुस्तकासारखी भासते, हेही खरे. तरी साचा न मोडता त्यात नवे कसे भरावे, याचा हा धडाच आहे.

हा भूगोल महाराजांकडे आला कोठून? लहानपणी त्यांच्या शिक्षणाची व संरक्षणाची जबाबदारी क्रिस्टियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन लूथरन मिशनऱ्याने वाहिली होती. श्वार्ट्झ १७९८ साली वारले, तेव्हा सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. आपल्या गुरूच्या मृत्युशय्येपाशी उभा असलेला राजा त्यात कोरलेला आहे. याच श्वार्ट्झच्या हाताखाली दुसरा एक मुलगा शिकत होता. त्याचे नाव वेदनायकम्, पुढे वेदनायकम् शास्त्रियार. जन्म १७७४, म्हणजे महाराजांहून तीन वर्षांनी मोठा. त्याच्या वडिलांनी प्रथम कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली होती व नंतर ते प्रॉटेस्टंट मंडळीत गेले. आपल्या या विभक्त बंधूंकडून कॅथॉलिकांनी शिकावे असे जे बरेच काही आहे, त्यात शास्त्रियारांचा क्रमांक आम्ही वर लावू.

इ. स. १८०० मध्ये शास्त्रियारांनी 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. साचा तोच. येथे मिरवणुकीतून येतो तो बेथलेहेमचा नाथ. त्याच्यासाठी झुरणारी नायिका देवमोहिनी, सियोनची कन्या. मग कुरत्ती येते, हात पाहते, तो येईल म्हणते. तिच्या मुखी कवीने श्रद्धेचे बोल घातले आहेत. तिच्यापाठोपाठ पारधी येतो, आणि पारध्याचे जाळे म्हटले की माणसे धरणारे गालिलातील कोळी ख्रिस्ती वाचकाला आठवणे अपरिहार्यच आहे. ग्रहमालेचे त्या काळचे नवे पाश्चात्त्य ज्ञानही त्यात आले आहे. सरफोजींचा भूगोल आणि शास्त्रियारांचे आकाश एकाच शाळेतून निघाले, हे उघड आहे.

या रचनेतील मर्म कोठे आहे ते पाहू. शास्त्रियारांनी येशूचे चरित्र सांगितलेले नाही. गव्हाणीची घटना हाती घेऊन तिला मुद्रा चिकटविलेल्या नाहीत. त्यांनी आधी विचारले असावे की या नाट्यप्रकाराला आधीच काय येते? त्याला वाट पाहणे येते. मग आपल्या श्रद्धेत वाट पाहणारे कोण? संपूर्ण जुना करार. इस्राएलाची ती प्रतीक्षा त्यांनी एका स्त्रीच्या देहात आणली. आपण आगमनकाळात चार आठवडे जे शब्दांत म्हणतो, ते कुरवंजीत हात, डोळे आणि पावले यांनी म्हणता येते. आणि ते तेथे उपरे वाटत नाही, कारण ती जागा तेथे आधीपासून रिकामी होती.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कुरवंजीतील देव हा कधीच नुसता देव नसतो. तो अमुक डोंगराचा, अमुक धबधब्याचा, अमुक गावाचा असतो. कुट्रालम् नसेल तर कुट्राल कुरवंजी नाही. शास्त्रियारांनी बेथलेहेमला तसे क्षेत्र केले. ज्याला नकाशावर गाव आहे, ज्याच्या गावाची नदी-डोंगरांसह स्तुती करता येते, असा परमेश्वर. देहधारणाचे तत्त्व आम्ही सेमिनरीत लॅटिन संज्ञांतून शिकलो. ते तत्त्व येथे एका लोकनाट्याच्या संकेतातून आपोआप व्यक्त होते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'त पुराण हा प्रकार असाच आतून घेतला होता, नुसता बाहेरून पांघरला नव्हता.

शास्त्रियारांच्या रचनेत दोष नाहीत असे नाही. रूपकाचा सोस हा मोठा दोष. कुट्रालम्‌ची कुरत्ती खाण्यापिण्याचे, विड्याचे मागते, घासाघीस करते, नवऱ्याशी भांडते. तिला शरीर आहे, भूक आहे. तिलाच श्रद्धेची वाणी केले की ती भूक मागे पडू लागते. जेथे जेथे रूपक घट्ट बसते तेथे तेथे नाट्य थिजते. शास्त्रियारांच्या घराण्यात त्यांच्या रचना मुख्यतः गाऊन व निरूपण करून सादर होत आल्या. हा निरूपणाचा ढंग तंजावरला पोहोचलेल्या मराठी कीर्तनाशी नाते सांगणारा आहे, आणि निरूपणात रूपक खपून जाते. नृत्यात खपत नाही. ही रचना रंगमंचावर आणू पाहणाऱ्या दिग्दर्शकाने कुरत्तीला तिची टोपली आणि तिची भूक परत दिली पाहिजे.

आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो, जो आम्हांला या संपूर्ण विषयात सर्वांत अस्वस्थ करतो. कुरवंजीत तारणाची वार्ता आणते कोण? कुरवर जमातीची बाई. नायिकेचा हात हाती घेणारी, तिला स्पर्श करणारी ही स्त्री गावकुसाबाहेरची आहे. याच जमातीला पुढे इंग्रज सरकारने मद्रास इलाख्यात गुन्हेगार जमात म्हणून नोंदविले. आपल्याकडील कैकाडी याच गोतावळ्यातले मानले जातात. टोपल्या विणणाऱ्या त्या घरांचे जिणे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तून १९८० साली मराठी वाचकांपुढे आले. ज्यांना गावात मुक्कामाला जागा नाही, त्यांच्यातलीच एक बाई रंगमंचावर येऊन राजकन्येला सांगते की तुझा नाथ येणार आहे. मेंढपाळांना आधी कळले, असे लूक सांगतो त्याच जातीची ही कल्पना आहे.

पण ज्या कवीने ही कुरत्ती बेथलेहेमच्या वाटेवर आणली, त्याचे पुढे काय झाले? तंजावरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्या काळी वेल्लाळ ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती वेगवेगळे बसत. नव्याने आलेल्या मिशनऱ्यांनी ही रीत मोडावयास घेतली. त्याचबरोबर तमिळ पदे आणि इतर देशी चालीरीतींवरही आक्षेप घेतला. १८२९ च्या सुमारास हा वाद पेटला तेव्हा शास्त्रियारांनी दोन्हींचा एकत्रच बचाव केला: आपल्या संगीताचा आणि आपल्या जातीच्या बैठकीचा. मिशनची नोकरी त्यांना गमवावी लागली, आणि आधार दिला तो बालमित्र सरफोजींनी. संगीताच्या बाबतीत ते बरोबर होते आणि मिशनरी अडाणी. बैठकीच्या बाबतीत मिशनरी बरोबर होते. हे दोन निर्णय वेगळे करण्याची गरज तेव्हा कोणाला भासली नाही, आणि आजही 'देशीकरण' या शब्दाखाली आपण ते पुष्कळदा एकत्रच बांधतो. यात कॅथॉलिकांनी नाक वर करण्याचे कारण नाही. तमिळनाडूत वडक्कनकुळम येथे एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या आपल्याच देवळाला जातींसाठी दोन वेगळी दालने होती.

म्हणून शास्त्रीय नृत्य स्वीकारताना आम्ही काय स्वीकारतो, हा प्रश्न टाळता येत नाही. त्या कलेतून देवदासी बाहेर गेली. कुरत्तीची भूमिका उरली, पण कुरवर स्त्रिया प्रेक्षागृहात दिसत नाहीत. आपल्या संस्था ही कला उचलतात ती बहुधा तिच्या प्रतिष्ठेसाठी. भारतीयत्वाचा दाखला म्हणून ती सोयीची पडते. पण लोकांनी स्वतः घडविलेली अशी ख्रिस्ती नाट्यपरंपरा भारतात आहे हेही आठवावे. केरळच्या किनाऱ्यावरील लॅटिन ख्रिस्ती लोकांचे चविट्टुनाटकम् पाहा. लाकडी फळ्यांवर पाय आपटीत, चमकदार अंगरखे घालून शार्लमेन बादशहाच्या लढाया तेथे गायल्या-नाचल्या जातात. तेथे घटना हवी, तलवार हवी, आवाज हवा. हेरोद आणि पिलात यांना रंगमंचावर आणावयाचेच असेल तर त्यांची जागा तेथे आहे. ज्यांना क्रुसाची वाट घटनाक्रमाने दाखवावयाची आहे त्यांनी अशा लोकनाट्याकडे वळावे. आमची ही सूचना कुत्सितपणाची नाही.

कथकलीचे काय, असे जाणकार वाचक विचारतील. तेथे तर वधच वध: कीचकवध, दुर्योधनवध. खरे आहे. पण रात्रभर चालणाऱ्या पारंपरिक प्रयोगात वध येतो तो पहाटेकडे. मधले सारे प्रहर कशात जातात? मंद लयीतील पदांत, वियोगात, संतापाच्या साठवणीत. रसिक वधासाठी जागत नाहीत. वधापर्यंतच्या रात्रीसाठी जागतात.

आपल्याकडे प्रामाणिक प्रयत्न करणारे झालेच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. अंधेरीच्या ज्ञान आश्रमाशी निगडित डॉ. फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यम्‌चे रीतसर शिक्षण घेऊन ख्रिस्ती आशयासाठी नवे हस्त रचले. त्यांचा 'ख्रिश्चॅनिटी इन इंडियन डान्स फॉर्म्स' हा ग्रंथ १९९० चा. अभिनयदर्पणात ब्रह्मा, शंभू, विष्णू यांचे देवहस्त आहेतच, तेव्हा पित्यासाठी, पुत्रासाठी, पवित्र आत्म्यासाठी हस्त कल्पिणे परंपरेला धरूनच आहे. तिरुच्चिरापल्ली येथे १९७७ साली स्थापन झालेल्या कलै काविरी संस्थेने तर ख्रिस्ती प्रेरणेतून नृत्यशिक्षणाचे महाविद्यालय उभे केले. हे काम मोलाचे आहे. आमची शंका एवढीच की हस्त म्हणजे शब्द, आणि शब्दकोश वाढल्याने काव्य वाढत नाही. क्रुसाचा हस्त पाहून प्रेक्षकाला क्रूस कळतो. त्या क्रुसापाशी उभ्या असलेल्या स्त्रीचे काय होत आहे, हे कळावयास हस्त पुरत नाही. तेथे तीच जुनी संचारी लागते, आणि वेळ.

विषय थोडे का आहेत? पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेशी रडत उभी असलेली मग्दालिया मरिया, समोर प्रभू असून त्याला माळी समजणारी: योहानाच्या विसाव्या अध्यायात संपूर्ण वर्णम् तयार आहे. याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी स्त्री आहे. आणि उधळ्या मुलाचा बाप आहे. लूक सांगतो की मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले. म्हणजे बाप रोज त्या वाटेकडे पाहत असला पाहिजे. उधळ्या मुलावरील आपल्या नृत्यनाट्यांत डुकरे असतात, मेजवानी असते, नर्तकी असतात. बापाचे ते रोजचे पाहणे नसते. एखादा पुरुष नर्तक रिकाम्या रंगमंचावर अर्धा तास केवळ त्या वाटेकडे पाहील, तर शृंगाराचा विरह वात्सल्यात कसा उतरतो हे मराठी प्रेक्षकाला दिसेल.

बेथलेहेमची कोरवंजी मराठीत उभी करावी असे आम्हांला फार वाटते. अनुवाद नव्हे, नव्याने बांधलेली. संगीताची अडचण पडेल, कारण स्टीफन्सची ओवी आदितालात सहज बसत नाही. पण सरफोजींच्या मराठी कोरवंजीने पदे कशी बांधावीत याचा नमुना ठेवला आहे, आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ती छापलेली आहे. नायिका वसईच्या बोलीत बोलली तरी चालेल, जड प्रमाण मराठी तिला शोभणार नाही. कुरत्तीचा प्रश्न अवघड. ती आपल्याकडे तुंगारेश्वराच्या बाजूने उतरेल. मग ती वारली असेल, कातकरी असेल. तिचे बोलणे वाडीतल्या बायकांकडून ऐकून लिहावे लागेल, आणि ती भूमिका शहरातील नृत्यवर्गाच्या मुलीला शेला गुंडाळून देण्यापूर्वी डहाणू-तलासरीच्या धर्मग्रामांत एकदा विचारून पाहावे लागेल. सिंगनला जाळे द्यावयाचे की गळ, हे आमच्या किनाऱ्यावरचे कोळी ठरवतील. दागिन्यांच्या प्रवेशात ती ज्या गावांची नावे घेईल, त्यांत अर्नाळा, आगाशी, निर्मळ, पापडी ही नावे तालात चांगली बसतात.